विकणाऱ्यांसाठी समाजमाध्यमे

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेलांच्या पायांतल्या चपला पाहून कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या कुणीही त्या लगेच ओळखल्या असत्या. अंगठा तसाच, पट्टा तसाच, विणकामही तसेच. कंपनीने दिलेल्या माहितीत मात्र ‘चामड्याच्या सँडल’ एवढाच उल्लेख होता. भारताचे नाव नव्हते, कोल्हापूरचे तर नव्हतेच. मग इन्स्टाग्राम आणि एक्सवर लोकांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावायला सुरुवात केली, एक मिलानचा आणि एक आपल्याकडच्या दुकानातला. काही दिवसांत ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे अनेकांना तेव्हाच कळले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या अशाच महामंडळाशी करार जाहीर झाला. सुमारे २,००० जोड भारतात बनवायचे आणि जवळपास ८०० युरोंना विकायचे, असे ठरले.

हे सगळे घडले ते सामान्य लोकांच्या हातातल्या मोबाइलमुळे. त्यामागे कुठली जाहिरात संस्था नव्हती. मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्याच आठवड्यांत अनेक भारतीय विक्रेत्यांनी ‘अस्सल कोल्हापुरी आमच्याकडे’ म्हणत पोस्ट टाकल्या आणि विक्री वाढवली. ज्यांचे पान आधीपासून चालू होते, कातडे कापण्यापासून टाके घालण्यापर्यंतचे व्हिडिओ ज्यांनी टाकून ठेवले होते, चौकशीला उत्तर द्यायला ज्यांच्याकडे माणूस होता, त्यांनाच या लाटेचा फायदा घेता आला. ज्यांच्या हातचे काम जगाने पाहिले त्या कारागिरांपैकी कित्येकांपर्यंत मात्र ग्राहक पोहोचू शकला नाही, कारण त्यांना शोधायचे कुठे हेच त्याला माहीत नव्हते. उत्तम माल बनवणाऱ्या माणसाचे असे नुकसान होऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच हा लेख.

वर्तमानपत्रातली जाहिरात, रेडिओ, टीव्ही, रस्त्यावरचे होर्डिंग या सगळ्यांत बोलणारा एक आणि ऐकणारे लाखो. ऐकणाऱ्याला काही विचारायचे असेल तर त्याने दुकान गाठायचे. समाजमाध्यमात ऐकणाराही बोलतो. तो प्रश्न विचारतो, तक्रार करतो, फोटो टाकतो, मित्राला पाठवतो आणि हे बाकीच्यांना दिसते. विक्रेत्याच्या दृष्टीने या माध्यमाची सगळी किंमत या परतीच्या वाटेत आहे. ज्याला फक्त आपला संदेश दूरवर पाठवायचा आहे, त्याला होर्डिंगही पुरते.

इतिहास फार लांबचा नाही. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघाले आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ऑर्कुटही २००४चेच. आपल्याकडच्या एका पिढीने समाजमाध्यमाची मुळाक्षरे तिथे गिरवली आणि २०१४ मध्ये ते बंद पडले. यूट्यूब २००५चे, ट्विटर (आताचे एक्स) २००६चे, व्हॉट्सॲप २००९चे, इन्स्टाग्राम २०१०चे. धंद्यांसाठी स्वतंत्र पाने आणि त्यांच्या जाहिराती फेसबुकने २००७च्या अखेरीस आणल्या. महाराष्ट्राच्या गावागावांत खरा फरक पडला तो सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ पाहताना नेटपॅक संपण्याची धास्ती गेली.

यातले कुठले माध्यम घ्यावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर मालावर आणि गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या चाकणच्या उद्योजकाचे गिऱ्हाईक म्हणजे खरेदी विभागातला अधिकारी, आणि तो लिंक्डइनवर भेटतो. साडी, दागिने, केक, चपला यांसारखा डोळ्यांनी पसंत करायचा माल इन्स्टाग्रामवर चालतो. पन्नाशीच्या पुढचे नातेवाईक, गावचे मंडळ, शाळेचे जुने वर्गमित्र अजून फेसबुकवर आहेत. एक्सवर विक्री फारशी होत नाही, पण मोठ्या कंपन्यांबद्दलच्या तक्रारी तिथे होतात. यूट्यूबचे वेगळेपण असे की तिथला व्हिडिओ जुना होत नाही. लोक तिथे प्रश्न घेऊन येतात, ‘ठिबकची नळी कशी स्वच्छ करायची’, ‘उकडीची पारी का फुटते’, आणि दोन वर्षांपूर्वीचा चांगला व्हिडिओ आजही नवे गिऱ्हाईक आणून देतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ ही वाहिनी सुरू केली. नगरी बोलीत त्या पदार्थ शिकवू लागल्या आणि लाखो लोक जोडले गेले. त्यांनी आधी शिकवले. त्यांच्या हातच्या मसाल्याला मागणी नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. पानाला पाच हजार लोक जोडलेले असले तरी आपली पोस्ट पाच हजार लोकांना दिसत नाही. कुणाच्या पडद्यावर काय वर येईल हे त्या माध्यमाची यंत्रणा ठरवते. हा माणूस ही पोस्ट पाहून थांबेल का, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहील का, काही लिहील का, कुणाला पाठवेल का, जपून ठेवेल का, याचा अंदाज ती त्याच्या आधीच्या वागण्यावरून बांधते. इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत, पुढे तो क्रम गेला. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये उघडच सांगितले की धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. म्हणून ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल’ असे लिहिलेले रंगीत पोस्टर रोज टाकले तरी ते फारसे कुणापर्यंत जात नाही. त्यावर थांबावे असे त्यात काही नसते. सणावाराच्या शुभेच्छांचीही तीच गत. दिवाळीला प्रत्येक दुकान तोच दिवा आणि तीच रांगोळी टाकते, वर आपला लोगो. त्यात जाणारा वेळ मालाचा एक नीट फोटो काढण्यात घालवलेला बरा.

मग टाकायचे काय? देवगडचा एखादा आंबा बागायतदार डोळ्यांसमोर आणू. पिढ्यान्‌पिढ्या त्याचा माल वाशीच्या बाजार समितीत जात आला आहे. पेटी दलालाकडे गेली की भाव त्याच्या हातात राहत नाही आणि आंबा कुणी खाल्ला हे त्याला कधीच कळत नाही. आता त्याला पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेटी पोहोचवायची आहे. आंब्याचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, पण त्याच्याकडे सांगण्यासारखे वर्षभर आहे. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो, तो दाखवावा. तुडतुड्यांनी किंवा अवकाळी पावसाने मोहोर गळाला तर तेही दाखवावे, म्हणजे पुढे भाव चढा का आहे हे गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही. झेल्याने देठासकट आंबा कसा उतरवतात, देठ तुटून चीक सालीवर उतरला तर डाग कसा पडतो, वजनाप्रमाणे फळे कशी निवडतात, पेटीत पेंढा कसा घालतात, यातला प्रत्येक विषय मिनिटभराचा व्हिडिओ आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळचा उजेड, स्थिर हात आणि बोलणाऱ्याचा स्वच्छ आवाज पुरतो. भाषा घरचीच ठेवावी. मालवणी हेल असलेला माणूस हापूसबद्दल बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो.

सगळ्यात मोलाचा व्हिडिओ साक्याचा. एखादा हापूस बाहेरून पिवळाधमक दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो, तोच साका. बागायतदाराला तो बाहेरून ओळखता येत नाही. उन्हाचा ताप, तापलेली जमीन, फळ उशिरा उतरवणे यांचा त्याच्याशी संबंध आहे. पहिल्यांदा पेटी मागवणाऱ्या शहरातल्या माणसाला मात्र हे ठाऊक नसते. त्याला वाटते, आपल्याला खराब माल दिला. हीच गोष्ट बागायतदाराने पेटी पाठवण्याआधी सांगितली, ‘साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळे बदलून देईन’ असे लिहिले आणि तो शब्द पाळला, तर त्या गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी शोधावे लागत नाही. आपल्या मालाचा दोष आपणच आधी सांगायला धीर लागतो, पण परक्या माणसाचा विश्वास मिळवायचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

विश्वासाचा हा प्रश्न हापूसच्या बाबतीत मोठाच आहे. दुसरीकडचा आंबा देवगड म्हणून खपवला जातो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला फरक कसा कळणार? देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात फळांवर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावले. त्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो खरा आहे का याची खातरजमा होते. गप्पांसाठी निघालेले साधन असे अस्सलपणाचा दाखला देण्याच्या कामी आले.

व्हॉट्सॲपवर थोडे जास्त थांबतो, कारण मराठी माणसाचा छोटा धंदा प्रत्यक्षात तिथेच चालतो. धंद्यासाठीचे वेगळे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि त्याच्या साध्या वापराला पैसे पडत नाहीत. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतींसह लावता येते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवता येतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘नवी चौकशी’, ‘पैसे आले’, ‘पेटी गेली’ अशी लेबले लावता येतात. मे महिन्यात दिवसाला शंभर मेसेज येतात तेव्हा ही लेबलेच गोंधळ वाचवतात. कुणी पिनकोड दिला, कुणी यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला, कुणाचा पत्ता अर्धवट आहे, हे डोक्यात ठेवणे शक्य नसते.

एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे बसतात, पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. बाकीच्यांना पाठवला असे आपल्याला वाटते आणि त्यांच्याकडे काहीच जात नाही. म्हणून पहिली पेटी पोहोचली की विनंती करावी, ‘आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडणीची खबर देतो.’ आणि लोकांना न विचारता ग्रुपमध्ये घालू नये. सोसायटीच्या ग्रुपवरून नंबर उचलून आपल्या ग्रुपमध्ये भरणारा विक्रेता पहिल्याच दिवशी मनातून उतरतो. खूप लोकांनी तक्रार केली किंवा ब्लॉक केले तर खातेही बंद होते, आणि ऐन हंगामात ते बंद झाले तर सगळेच थांबते.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचे गणित वेगळे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात हा एक लिलाव असतो. एकाच माणसाच्या पडद्यावरची जागा अनेक जाहिरातदारांना हवी असते. कोण किती पैसे द्यायला तयार आहे, तो माणूस त्या जाहिरातीला प्रतिसाद देण्याची शक्यता किती आणि जाहिरात कितपत चांगली आहे, हे सगळे मिळून जागा ठरते. म्हणून चांगल्या व्हिडिओची जाहिरात स्वस्तात जाते. दिवसाला शे-दोनशे रुपयांपासून सुरुवात करता येते. कोथरूड, डोंबिवली, ठाणे असे भाग निवडता येतात, वय निवडता येते आणि जाहिरातीवर बोट ठेवताच थेट व्हॉट्सॲपची खिडकी उघडेल अशी सोयही करता येते. समजा बागायतदाराने रोज २०० रुपये असे १० दिवस, म्हणजे २,००० रुपये घातले. ४० जणांनी चौकशी केली आणि ८ पेट्या गेल्या. एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च २५० रुपये झाला. पेटीमागे जाहिरात सोडून बाकीचा खर्च वजा जाता ४०० रुपये सुटत असतील तर जाहिरात चालू ठेवावी. २०० सुटत असतील तर थांबवून बघावे की उरलेले ३२ जण का परतले. भाव जास्त वाटला, पाठवण्याचा खर्च आधी सांगितला नव्हता, की उत्तर द्यायला रात्र झाली? माझ्या पाहण्यात हे तिसरे कारण सर्वांत जास्त असते. आलेल्या चौकशीला तासाभरात उत्तर देण्याची सोय नसेल तर जाहिरातीवर पैसे घालूच नयेत.

लाईकची संख्या या गणितात कुठेच आली नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. दहा हजार लाईक आणि चार चौकश्या, याला विक्रेत्याच्या वहीत फार स्थान नाही. किती जणांनी विचारले, किती जणांनी घेतले, किती जण परत आले, हे तीन आकडे लिहून ठेवावेत. फॉलोअर विकत मिळतात म्हणून ते घेणारेही आहेत. पण ती खाती आंबा विकत घेत नाहीत, आणि असली निर्जीव गर्दी जोडली की आपल्या पोस्टवर कुणी थांबत नाही असा यंत्रणेचा समज होतो. मग खऱ्या लोकांनाही ती कमी दिसू लागते.

इन्फ्लुएन्सरकडून जाहिरात करून घेताना कायदा माहीत हवा. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये यासाठी नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट वस्तू किंवा सहल असा कुठलाही मोबदला घेतला असेल तर ही जाहिरात आहे हे ठळक आणि सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या विक्रेत्याने लाखो फॉलोअर असलेल्या ताऱ्याच्या मागे लागूच नये. आपल्याच तालुक्यातली, आपल्याच विषयावर बोलणारी, पाच-दहा हजार लोक मनापासून ऐकतात अशी व्यक्ती शोधावी. तिला पेटी द्यावी आणि खरे मत सांगायला सांगावे.

तक्रारीचा विषय निघतो तेव्हा डेव्ह कॅरोल या कॅनेडियन गायकाचे उदाहरण जगभर दिले जाते, आणि ते रास्तच आहे. युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्याची गिटार मोडली. भरपाईसाठी महिनोन्‌महिने दाद मागूनही काही हाती लागले नाही, तेव्हा त्याने त्यावर गाणे रचून जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर टाकले. लाखो लोकांनी ते पाहिल्यावर कंपनीला जाग आली. आज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात हे सामर्थ्य आहे. जाहीर तक्रार पुसून टाकली तर तिचा स्क्रीनशॉट फिरतो. तिथेच, सगळ्यांसमोर, दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करावी, नंबर मागावा आणि प्रश्न सुटला की तेही तिथेच लिहावे. तक्रार करणाऱ्या एकामागे ती वाचणारे शंभर असतात आणि ते तुमची वागणूक पाहून ठरवतात.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक करू नये. ही माध्यमे आपली नाहीत. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलामुलींनी तिथे मेहनतीने लोक जमवले होते, त्यांचे सगळे एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडले. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, नंबर, पत्ते आणि कुणी काय घेतले याची यादी आपल्याकडे, साध्या वहीत का होईना, ठेवलीच पाहिजे. ती जबाबदारीने ठेवावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी वापरावा आणि दुसऱ्या कुणाला विकू नये.

समाजमाध्यमातून विक्री म्हणजे तरुणांचे, इंग्रजी बोलणाऱ्यांचे किंवा मोठ्या पैशांचे काम, असे समजून मागे राहिलेले कितीतरी कारागीर, शेतकरी आणि बचत गटांच्या महिला आपल्या आसपास आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. नवे पान काढण्याआधी आज आपले व्हॉट्सॲप उघडा आणि खाली खाली जात गेल्या हंगामातले मेसेज पाहा. कुणीतरी भाव विचारला होता आणि उत्तर द्यायचे राहून गेले होते, असे काही जण तुम्हाला नक्की सापडतील. त्यांना आजच उत्तर द्या.